परकें फळ घरचें कसें होतें

चिकू हें परदेशी फळ आहे असें सांगितलें, तर मराठी माणसास तें चटकन खरें वाटत नाहीं. उपासाच्या फराळांत, आजाऱ्याच्या उशाशीं, पाहुण्यासाठीं आणलेल्या फळांच्या करंडींत तो इतका रुळला आहे कीं, आंबा आणि फणस यांच्या बरोबरीनें तोही याच मातींत जन्मला असावा अशी आपली सहज समजूत होते. उलट, अलीकडे शहरांतील बाजारांत दिसूं लागलेला ॲव्होकाडो आपणांस अगदीं उपरा वाटतो. त्याचें नांव उच्चारतांना जीभ अडखळते. तो फळांत मोजावा कीं भाजींत, हें गृहिणीस ठरवितां येत नाहीं. आणि एका नगाची किंमत ऐकून सामान्य गृहस्थ दुकानाच्या पायरीवरूनच मागें फिरतो. तरीही त्याच्या गुणांची कीर्ति घरोघर पोंचली आहे. तो हृदयास हितकर, वजन उतरविणारा, कांति वाढविणारा असें जो तो सांगत असतो.

वस्तुतः हीं दोन्ही फळें एकाच माहेरचीं आहेत. मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मध्य अमेरिका ही दोघांचीही जन्मभूमि. सव्वाशें वर्षांपूर्वीं डहाणूच्या किनाऱ्यावर चिकू लागला, तेव्हां तोही ॲव्होकाडोइतकाच अनोळखी होता. तो घरचा कसा झाला हें नीट पाहिलें, तर नव्या फळाचें स्वागत कोणत्या अटींवर करावें आणि त्याच्या गुणांची परीक्षा कशी घ्यावी, याविषयीं कांहीं बोध होण्यासारखा आहे.

प्रथम नांवाकडे पाहूं. स्पॅनिश लोक मेक्सिकोंत उतरण्यापूर्वींपासून तेथें जी नाहुआत्ल भाषा बोलली जात असे, तींत 'त्झापोत्ल' म्हणजे मऊ व गोड गराचें फळ आणि 'त्झिक्तली' म्हणजे झाडाचा चिकट डिंक. स्पॅनिश तोंडीं पहिल्याचें 'झापोते' आणि दुसऱ्याचें 'चिक्ले' झालें, आणि हें फळ 'चिकोझापोते' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. फिलिपाइन्स बेटांत त्याचा 'चिको' झाला, आपल्याकडे 'चिकू'. हिरव्या चिकूला नख लागतांच पांढरा चीक वाहतो. त्यामुळें हा शब्द आपल्या 'चीक' या शब्दापासूनच निघाला असावा असें एखाद्या व्युत्पत्तिप्रेमी वाचकास वाटेल. तो निव्वळ योगायोग आहे. पण त्या योगायोगानें परक्या शब्दाला मराठींत बूड टेकावयास जागा मिळाली, हेंही खरें.

माहेरीं या झाडाची प्रतिष्ठा फळापुरतीच नव्हती. ग्वाटेमालांतील टिकाल येथील माया लोकांच्या देवालयांत दारांवर ज्या कोरीव तुळया घातल्या होत्या, त्या चिकूच्या लांकडाच्या. आठव्या शतकांत घातलेल्या या तुळया बारा शतकें पावसाळी अरण्यांत टिकून राहिल्या. चिकाचा इतिहास आणखी नवलाचा आहे. १८६९ च्या सुमारास मेक्सिकोचा पदच्युत अध्यक्ष सांता आना यानें हा डिंक न्यूयॉर्क येथें नेला. रबराऐवजीं तो वापरतां येईल अशी त्याची आशा होती. थॉमस ॲडम्स नांवाच्या गृहस्थानें तसे प्रयोग केले, पण रबर कांहीं साधलें नाहीं. तेव्हां त्यानें तोच डिंक चघळण्यासाठीं विकावयास काढला आणि १८७१ मध्यें तो तयार करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आज जगभर पोरें जो चुइंगम चघळतात, त्याचा मूळपुरुष हा चिकूचा चीक होय. पुढें कृत्रिम पदार्थांनीं त्याची जागा घेतली.

अमेरिकेंतील वनस्पति पूर्वेकडे येण्याचे दोन जलमार्ग होते. अकापुल्को ते मनिला हा स्पॅनिश गलबतांचा मार्ग १५६५ पासून १८१५ पर्यंत चालू होता. दुसरा पोर्तुगीजांचा, अटलांटिक ओलांडून आफ्रिकेला वळसा घालून गोव्यास येणारा. काजू, अननस, पपई, बटाटा, मिरची हे सारे पाहुणे या मार्गांनीं आले. डहाणूचा किनारा तर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्याच अंमलाखालीं होता. चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला. तरीही चिकूची बागाईत त्या काळची नव्हे. घोलवड येथें १८९८ सालीं चिकूची लागवड झाली, असा फळशास्त्राच्या ग्रंथांत निर्देश असतो, आणि महाराष्ट्रांतील चिकूच्या बागाइतीचा आरंभ तेथूनच धरतात.

चिकूला घोलवड-डहाणूच मानवावें, यास कारणें होतीं. समुद्राकडून येणारा खारा वारा सोसणारीं फळझाडें थोडीं. चिकू त्यांपैकीं एक आहे. घोलवडच्या मातींत चुन्याचा अंश विशेष असून, तेथील फळाची गोडी त्यामुळेंच येते असें बागाइतदार मानतात. २०१६ सालीं 'डहाणू घोलवड चिकू' यास भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां हेंच वैशिष्ट्य पुढें करण्यांत आलें होतें. शिवाय मुंबईस जाणारी लोहमार्गाची वाट १८६० च्या दशकांतच या भागांतून गेली होती. नाजूक फळ झाडावरून उतरल्यापासून पांच-सहा दिवसांत खाणाऱ्याच्या हातीं पडलें पाहिजे. आगगाडी नसती, तर ही बागाईत वाढती ना.

माणसेंही बाहेरचींच होतीं. इराणांत झरथुष्ट्रपंथीयांस होणारा जाच आणि तेथील दुष्काळ यांस कंटाळून यझ्द व केरमान या प्रांतांतील अनेक कुटुंबें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व त्यानंतर हिंदुस्थानांत आलीं. त्यांपैकीं कांहीं मुंबईच्या चहाच्या दुकानांकडे वळलीं, तर कांहीं मसोली, डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यांत स्थायिक होऊन वाड्या करूं लागलीं. संजाण येथून जवळच आहे. पारशांचे पूर्वज प्रथम ज्या बंदरीं वसले आणि दुधांत साखर मिसळावी तसे लोकांत मिसळून राहूं असें म्हणाले अशी दंतकथा आहे, तेंच हें संजाण. नव्या आगंतुकांनीं येथें साखरेऐवजीं चिकू आणला म्हणावयाचें!

परंतु चिकू घरचा झाला त्याचें खरें रहस्य त्याच्या बुंध्याशीं आहे. डहाणूच्या वाड्यांतील बहुतेक झाडें 'कालीपत्ती' या जातीचीं असून तीं बी लावून वाढविलेलीं नसतात. बीपासून झालेलें झाड फळास येण्यास फार वर्षें घेतें, आणि फळ मातृवृक्षासारखेंच येईल याचाही भरंवसा नसतो. म्हणून चिकूचें भेटकलम करतात, आणि तें ज्या खुंटावर करतात तो खुंट रायणीचा, म्हणजेच खिरणीचा असतो. रायण ही अस्सल या भूमीची. आयुर्वेदाच्या निघंटूंत 'राजादन' या नांवानें तिचे गुण वर्णिले आहेत. तिचें मूळ खोल जातें, ती उन्हाळा सोसते, आणि तिचें आयुष्य दीर्घ असतें. रायणीचें रोप फार सावकाश वाढतें. कलमाजोगें होण्यास त्याला दोन-दोन वर्षें लागतात. मग तें रोप चिकूच्या जिवंत फांदीजवळ आणून, दोघांची साल तासून, अंगाला अंग लावून बांधतात. दोन-तीन महिन्यांत जखमा जुळतात, आणि मग फांदी आईपासून तोडतात. खालीं रायण, वर चिकू असें एक झाड तयार होतें.

वनस्पतिशास्त्रदृष्ट्या हें लग्न सगोत्र आहे. चिकू, रायण, मोह आणि बकुळ हीं सर्व एकाच कुळांतील झाडें. वारल्याच्या अंगणांतील मोह आणि आपल्या देवळापुढील बकुळ हीं मेक्सिकोहून आलेल्या या पाहुण्याचीं दूरचीं भावंडें आहेत, हें ज्ञान आनंददायक आहे. इंग्रजी राजवटींत परदेशी वस्तु पुष्कळ आल्या. पण ज्या वस्तूंस येथील मुळाचा आधार मिळाला, त्याच टिकल्या.

या झाडाला आणखी एक आधार मिळाला, आणि त्याची नोंद मात्र फळांच्या पेट्यांवर कधींच झाली नाहीं. वाडींत खड्डे खणणें, आळीं करणें, टोकाला जाळी बांधलेल्या बांबूनें फळ अलगद उतरविणें, त्याची खरबरीत पूड पुसून नग निवडणें हें सारें काम वारली, दुबळा, धोडी इत्यादि आदिवासी स्त्रीपुरुषांनीं केलें आहे. फळ तयार झालें कीं नाहीं हें ओळखण्यासाठीं सालीवर नखानें हळूच ओरखडा काढून पाहतात: खालीं हिरवें दिसलें तर फळ कच्चें, पिंवळसर दिसलें तर उतरविण्यास योग्य. ज्यांच्या नखांत ही विद्या होती, ते एके काळीं या भूमीचे धनी होते. सावकारी आणि जमीनदारी यांनीं त्यांची जमीन गेली आणि वेठबिगार पदरीं आली. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायकोनें आयुष्यभर मालकाकडे राबावयाचें, अशी 'लग्नगडी' ही चाल रूढ होती. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळील झरी येथें भरलेल्या परिषदेंत ही वेठ मोडण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं तो लढा पसरला, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच आदिवासी मृत्युमुखीं पडले. हा लढा मुख्यतः गवत कापणाऱ्यांचा व जंगलांत राबणाऱ्यांचा होता. परंतु वेठ मोडली तिचा लाभ या टापूंतील प्रत्येक मजुरास मिळाला. चिकूच्या इतिहासांतून हें प्रकरण वगळणें म्हणजे वरची फांदी दाखवून खालचा खुंट झांकणें होय.

आतां फळाच्या गुणांकडे वळूं. शंभर ग्रॅम चिकूच्या गरांत सुमारें ८३ कॅलरी, २० ग्रॅम कर्बोदकें, ५ ग्रॅम तंतु, १९३ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि १५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतें. यावरून त्याचें कार्य स्पष्ट होतें. श्रमानें थकलेल्या शरीरास तो त्वरित शक्ति देतो. केळ्यापेक्षां त्यांत तंतु जवळजवळ दुप्पट असल्यामुळें कोठा साफ राखण्यास तो चांगला. मात्र चिकूनें रक्त वाढतें ही जी समजूत घरोघर आहे, तिला फारसा आधार नाहीं. त्यांतील लोहाचें प्रमाण शंभर ग्रॅमांस एक मिलिग्रॅमहूनही कमी भरतें. पांडुरोगी स्त्रीला चिकूवर न ठेवतां पालेभाजी, कडधान्यें आणि वैद्यानें सांगितलेलें औषध यांवरच ठेवावें. मधुमेह्यानें चिकू बेतानें, इतर गोड वगळूनच घ्यावा. कच्च्या फळांत तुरटपणा व चीक असल्यामुळें तें घशाला चिकटतें, आणि बीच्या टोकास आंकडा असल्यामुळें लहान मुलास फळ देतांना बिया काढण्यास विसरूं नये.

खाण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. पण उत्तम प्रकार एकच: बोटानें दाबतांच किंचित् दबेल इतकें पिकलेलें फळ आडवें चिरून गर तसाच खावा. घासागणिक रवाळ गोडी लागते ती दुधांत घुसळल्यावर उरत नाहीं. तरीही दाताविना असलेल्या वृद्धांस आणि वरचें खाणें सुरू झालेल्या बालकांस कुस्करलेला गर सोयीचा पडतो. दुधांत घालावयाचा असेल, तर साखर मुळींच घालूं नये; फळांत ती पुरेशी असते. हंगामांत वाडीवाले फळाच्या चकत्या उन्हांत वाळवून ठेवतात. त्या वर्षभर टिकतात आणि प्रवासांत खजुराची जागा घेतात. हलवा, लोणचें, भुकटी हेही प्रकार निघाले आहेत, आणि बोर्डीच्या परिसरांत चिकूचें मद्यही होऊं लागलें आहे.

ॲव्होकाडोची कथा याहून निराळी. नाहुआत्ल भाषेंतील 'आहुआकात्ल' या शब्दापासून त्याचें नांव आलें. मेक्सिकोंत तो हजारों वर्षें खाल्ला जात आहे, आणि १५१९ मध्येंच एका स्पॅनिश ग्रंथकारानें त्याचें वर्णन छापलें होतें. पण जगाच्या बाजारांत तो चढला तो विसाव्या शतकांत. कॅलिफोर्नियांतील बागाइतदारांनीं १९१५ सालीं संघ स्थापून 'ॲलिगेटर पेअर', म्हणजे 'सुसरीचें नासपती', हें जुनें नांव टाकून दिलें. सुसरीच्या नांवाचें फळ कोण विकत घेणार? पुढें रुडॉल्फ हास नांवाच्या टपालवाल्याच्या परसांत एक झाड आपोआप निराळें निघालें. १९३५ मध्यें त्यानें त्याचें पेटंट घेतलें. काळसर, खरबरीत सालीचा जो 'हास' ॲव्होकाडो आज सर्वत्र विकला जातो, त्याचें प्रत्येक झाड त्या एका झाडाच्या कलमांची संतति आहे. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो दक्षिणेंत, निलगिरी व कूर्ग या डोंगराळ भागांत लागला; कानडी मुलखांत त्याला 'लोणीफळ' अशा अर्थाचें नांव आहे, आणि मराठींतही तें सहज चालेल.

लोणी हा शब्द येथें यथार्थ आहे. शंभर ग्रॅम गरांत १६० कॅलरी असून, १५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो; साखर मात्र एक ग्रॅमही नाहीं. तंतु ६ ते ७ ग्रॅम आणि पोटॅशियम ४८५ मिलिग्रॅम. स्निग्धांशांपैकीं दोन तृतीयांश शेंगदाण्याच्या किंवा ऑलिव्हच्या तेलांतील मुख्य स्निग्धांशाच्या जातीचा आहे, आणि तूपलोण्याच्या जागीं असा स्निग्धांश घेणें हृदयास हितकर असतें, हें वैद्यकास मान्य आहे. अमेरिकेंत एक लक्षाहून अधिक स्त्रीपुरुषांचा तीस वर्षें मागोवा घेऊन २०२२ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, आठवड्यास दोन वेळां अर्धा अर्धा ॲव्होकाडो खाणारांस हृदयविकार सोळा टक्क्यांनीं कमी आढळला. हें निरीक्षण होय. असें फळ खाणारीं माणसें इतर बाबतींतही जपून राहणारीं असूं शकतात. म्हणून दुसरा प्रयोगही लक्षांत घ्यावा. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या, सुमारें एक हजार लोकांवरील प्रयोगांत, अर्ध्या लोकांस सहा महिने रोज एक ॲव्होकाडो देण्यांत आला. त्यांच्या पोटाची चरबी उतरली नाहीं. रक्तांतील कोलेस्टेरॉल अगदीं थोडें कमी झालें. आणि वजनही वाढलें नाहीं. प्रयोगास पैसा ॲव्होकाडोच्या व्यापाऱ्यांच्याच मंडळानें दिला होता. तरी निष्कर्ष प्रांजळपणें छापला गेला, ही गोष्ट शास्त्रास भूषणावह आहे.

खावयाचा झाल्यास तो शिजवूं नये; आंचेवर कडवट होतो. देठाजवळ दाबून किंचित् नरम लागला कीं उभा चिरून बी काढावी, गर चमच्यानें कोरून मीठ, मिरी व लिंबाचा रस लावावा. लिंबानें चव येते आणि गर काळा पडत नाहीं. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून केलेली त्याची कोशिंबीर भाकरीबरोबर चांगली लागते. मेक्सिकन लोकांचें 'ग्वाकामोले' म्हणजे हेंच. गाजर व टोमॅटो यांतील उपयुक्त रंगद्रव्यें स्निग्धांशासंगतीं अधिक शोषिलीं जातात, म्हणून कोशिंबिरींत ॲव्होकाडो घालावा असें सांगतात. पण तेंच कार्य आपल्या कोशिंबिरींतील शेंगदाण्याचें कूट, ओलें खोबरें आणि तेलाची फोडणी कधींपासून करीत आलीं आहेत. ज्यास परवडतें त्यानें लोणीफळ अवश्य खावें. ज्यास परवडत नाहीं त्यानें मूठभर शेंगदाणे खातांना मन खट्टू करण्याचें कारण नाहीं.

हीं दोन फळें परस्परांचीं प्रतिस्पर्धी नव्हेत, हें वरील आंकड्यांवरून उघड आहे. एक साखर व तंतु देतें, दुसरें स्निग्धांश व तंतु. तरीही बागाइतदारास मोह होतो कीं चिकू काढून ॲव्होकाडो लावावा. त्यानें जमीन पाहावी. पाणी सांचलेल्या भुईंत ॲव्होकाडोचें मूळ लवकर कुजतें. बाजारांत भाव मिळणाऱ्या हास जातीला दमट किनाऱ्याचा उष्मा मानवत नाहीं. आणि खारेपणा सोसणारी वेस्ट इंडीजकडील जात निराळी असून तिच्या फळांत स्निग्धांश कमी असतो. चिकूला रायण मिळाली. लोणीफळाला या किनाऱ्यावर असा खुंट अजून मिळावयाचा आहे.

आणि इकडे चिकूची वाडीच संकटांत आहे. फळांतील बी पोखरणारी अळी व पावसाळी बुरशी यांनीं गळ वाढविली आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविण्यांत आला, तरी ५०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र १९९५ च्या सुमारास उभें राहिलेंच. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें नेमावयास लाविलेल्या प्राधिकरणानें, न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं, त्या केंद्राच्या धुरांतील गंधक काढणारें यंत्र बसविण्याचा आग्रह धरला, आणि तें २००७ मध्यें बसलें. वाढवणच्या बंदरास याच प्राधिकरणानें १९९८ मध्यें नकार दिला होता. न्यायमूर्तींच्या निधनानंतर, २०२३ च्या जुलैंत, त्यानेंच संमति दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं बंदराची पायाभरणी झाली. बंदरानें रोजगार येईल, हें कोणी नाकारूं नये. पण भरघोस फळ देण्यास सात-आठ वर्षें घेणारें आणि मग पिढ्यान् पिढ्या देत राहणारें झाड एकदां निघालें, म्हणजे तें पैशानें परत येत नाहीं, हेंही विसरूं नये.

आणखी एक हिशेब बाकी राहतो. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें आदिवासी बालकें कुपोषणानें दगावलीं, तेव्हां तीं गांवें ज्या ठाणें जिल्ह्यांत होतीं, त्याच जिल्ह्यांतून चिकूच्या पेट्या दिल्लीपर्यंत जात होत्या. २०१४ मध्यें पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू आणि जव्हार हे दोन्ही तालुके त्यांत एकत्रच राहिले. फळाच्या आरोग्यगुणांची चर्चा करतांना तें कोणाच्या मुखांत पडतें हा प्रश्न गैरलागू म्हणतां येत नाहीं. चिकू मातींत रुजला, स्वयंपाकघरांत रुळला, भाषेंत मिसळला. पण फळ उतरविणाऱ्याच्या मुलाच्या ताटांत तो हक्कानें पोंचेल, तेव्हांच तो पूर्णपणें या भूमीचा झाला असें म्हणतां येईल. उद्यां लोणीफळ या किनाऱ्यावर आलें, तर त्यासही हीच कसोटी लावावी.